फलकावरच्या नवसांच्या यादीबद्दल पाळकसाहेबांना आणि कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि कमिटीतील बंधुभगिनींनो,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

पत्र उघडं लिहितो आहे, कारण यादीही उघडीच लागली. मंडळीच्या दारातल्या फलकावर, उपासनेच्या वेळापत्रकाशेजारी, 'नवस बाकी' असा मथळा, खाली एकतीस नावं आणि प्रत्येकापुढे रक्कम. ती यादी मी सलग तीन रविवार वाचली. पहिल्या रविवारी आपलं नाव नाही ना, हे पाहायला. नव्हतं; मी फेब्रुवारीतच भरून टाकले होते, आणि ते पाहून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. दुसऱ्या रविवारी इतर कोण कोण आहे ते पाहायला. तिसऱ्या रविवारी मात्र मान वर करून वाचवेना.

नोव्हेंबरातल्या संजीवन सभेची तिसरी संध्याकाळ आपल्या सर्वांच्या लक्षात असेल. गायन लांबलं होतं, वक्ते बाहेरगावचे होते, आवाज चांगला होता. इमारतीचा स्लॅब अडला होता आणि त्यासाठी हिरवी कार्डं वाटली गेली. 'देवाने तुमच्यासाठी एवढं केलं, तुम्ही आज त्याला काय देणार? उभे राहा आणि नवस करा.' माझ्या पुढच्या बाकावरची एक बाई उभी राहिली. चार घरची धुणीभांडी करते, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तिला नीट लिहिता येत नाही, म्हणून तरुण संघातल्या एका मुलाने तिचं कार्ड भरून दिलं. कार्डावर अकरा हजार लिहिले गेले. आकडा तिने सांगितला की त्याने सुचवला, मला ऐकू आलं नाही. गायन चालू होतं. ती रडत होती आणि तिचं रडणं खोटं नव्हतं. यादी लागल्यापासून ती उपासनेला आलेली नाही. तिचं नाव मी लिहीत नाही. तुम्ही ते लिहिलंच आहे.

मी धुतल्या तांदळाचा नाही. सहा वर्षं मी या मंडळीचा खजिनदार होतो आणि कापणीच्या सणाला हातात माईक घेऊन 'अजून कोण? अजून कोण?' असं मीच ओरडलो आहे. भीड भिकेची बहीण, हे शाळेत पोरांना शिकवणारा मास्तर रविवारी त्याच भिडेवर वर्गणी गोळा करत होता. तेव्हा पुढे जे लिहितो ते तुमच्याकडे एक बोट आणि स्वतःकडे तीन बोटं ठेवून लिहितो.

गैरसमज नको म्हणून आधी एक गोष्ट. नवस केला तर फेडावाच लागतो, याबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्याकडे विहिरीत पाणी नव्हतं, चारा नव्हता. आईने नवस केला की शेळी जगली तर पुढच्या वेतातलं एक करडू देवाला देईन. शेळी जगली, व्याली, दोन करडं झाली. एक दणकट बोकड आणि एकाचा मागचा पाय वाकडा. वडील म्हणाले, लंगडं दे; लिलावात काय, कोणीही घेईल. आई म्हणाली, 'देवानं आपल्याला लंगडं दिलं होतं का?' आणि दणकट बोकड दोरीला धरून मंडळीत गेली. तिला लेवीयाचं पुस्तक वाचता येत नव्हतं. मला पुढे वाचता आलं, तेव्हा बाविसाव्या अध्यायात तेच सापडलं: ज्याचा एखादा अवयव कमीजास्त आहे असा बैल किंवा मेंढरू स्वखुशीचं अर्पण म्हणून चालेल, पण नवसासाठी ते मान्य होणार नाही. खुशीने देता तेव्हा देव थोडं खपवून घेतो. शब्द देऊन देता तेव्हा नाही. मलाखी संदेष्टा तर कळपात चांगला नर असताना नवस फेडायला खोडीचं जनावर आणणाऱ्याला सरळ ठक म्हणतो.

आपल्या मराठी शास्त्रात जो 'नवस' शब्द आहे, तो भाषांतरकारांनी काही नवा घडवला नाही. खंडोबाला, म्हसोबाला, मोतमाउलीला लोक जो करतात तोच हा शब्द, आणि क्रियापदही तेच: फेडणे. कर्ज फेडतात, नवस फेडतात. मूळ इब्रीत नवसाला 'नेदेर' म्हणतात आणि स्वखुशीच्या अर्पणाला 'नेदावा', दोन्ही वेगळे. आणि नवस फेडण्यासाठी जे क्रियापद येतं, 'शिल्लेम', ते 'शालोम' ज्या धातूपासून आला त्याच धातूचं आहे. अपुरं राहिलेलं पुरं करणं, मोकळं होणं. मराठीतही नवस फेडून आलेला माणूस 'सुटलो एकदाचा' म्हणतो. तुमच्या यादीतली माणसं सुटलेली दिसत नाहीत, पाळकसाहेब. ती अडकलेली दिसतात.

यादी लावली त्या रविवारी तुम्ही शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायावर संदेश दिलात. एकविसावं वचन वाचलंत: परमेश्वराला नवस केलास तर तो फेडायला उशीर करू नकोस, तो तुझ्याकडून मागून घेईलच, आणि न फेडल्यास तुला पाप लागेल. तिथे पुस्तक मिटलंत. बावीसावं वचन एका ओळीचं आहे, वाचायला पाच सेकंद लागले असते. 'पण नवस केला नाहीस तर तुला पाप लागणार नाही.' मग तेविसाव्यात: तुझ्या तोंडून जे निघालं, जे तू स्वेच्छेने बोललास, ते पाळ. तिन्ही वचनं एकाच दमात आहेत. बंधन आहे ते स्वेच्छेने बोललेल्या शब्दाचं, आणि गप्प बसण्याची मोकळीक त्याच वाक्यात दिलेली आहे. नियमशास्त्रात दशांश सक्तीचा, प्रथमफळ सक्तीचं, पहिला जन्मलेला तर देवाचाच. इतका की लेवीय २७ सांगतं, प्रथमजन्मल्या जनावराचा नवस करताच येत नाही, ते आधीच त्याचं आहे. नवस तेवढा माणसाच्या इच्छेवर सोडलेला. तिथेच आपण माईक नेऊन ठेवला.

संजीवन सभेत कोणी बावीसावं वचन वाचलं असतं, तर किती जण बसून राहिले असते? मला वाटतं, निम्मे तरी. आणि त्या निम्म्यांना पाप लागलं नसतं, हे प्रत्यक्ष मोशेच्या तोंडचं आहे.

उपदेशक या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाचंही असंच झालं आहे. 'देवाला मूर्ख आवडत नाहीत, तुझा नवस फेड' एवढं आपण लग्नपत्रिकेसारखं छापतो. त्याच्या आधी तो काय म्हणतो? देवाच्या मंदिरात जाताना पाय जपून टाक, ऐकायला जा, तोंडाने उतावळी करू नकोस, तुझे शब्द थोडके असोत. आणि नीतिसूत्रे २०:२५ म्हणतं की उतावळेपणाने 'हे पवित्र' म्हणून टाकायचं आणि नवस झाल्यावर विचार करत बसायचं, हा माणसाला सापळा आहे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे शलमोनालाही मान्य नव्हतं. मग ती जीभ उचलायला ढोलकी आणि कीबोर्ड लावून मदत कोणी केली, हा प्रश्न सापळा लावणाऱ्यालाही विचारावा लागेल.

आता गणना या पुस्तकाचा तिसावा अध्याय. तुमच्यापैकी एका वडीलजनांनी मला फलकापाशीच सुनावलं की विधवेचा नवस कायम राहतो, शास्त्रात लिहिलं आहे. लिहिलं आहे, नववं वचन. कुमारिकेचा नवस बाप ऐकेल त्या दिवशी मोडू शकतो, लग्न झालेलीचा नवरा. विधवा आणि टाकलेली बाई मात्र आपल्या शब्दाची आपण धनीण. बाप आणि नवऱ्याच्या हातात दिलेला तो अधिकार आज वाचताना मला खटकतो, माझ्या सुनेला तर फारच खटकतो, आणि तिला पटेल असं उत्तर माझ्याजवळ नाही. पण त्या अध्यायाची सुरुवात पाहा. मोशे हे सगळ्या लोकांना उद्देशून बोलत नाही. पहिलंच वचन सांगतं की तो वंशांच्या प्रमुखांशी बोलला. नवसाचा हा अध्याय आधी पुढाऱ्यांच्या हातात दिला गेला आहे, आणि रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मगुरूंनी, या एका वचनावर बराच विचार केला आहे. शिवाय ज्याच्या हातात अधिकार आहे तो ऐकून गप्प बसला तर त्याने मान्यता दिली, आणि नंतर कधीतरी मोडायला निघाला तर तिच्या दोषाचा भार त्याच्यावर. त्या बाईला ना बाप आहे ना नवरा, तिचा नवस मोडायचा अधिकार कोणाचाच नाही, हे धरून चालू. पण ती अकरा हजार लिहवून घेताना ऐकणारे आपण तिथे होतो. तिची कमाई आपल्याला ठाऊक होती. आपण गप्प बसलो.

आणि रकमेचं म्हणाल, तर लेवीय २७ अगदी हिशेबी पुस्तक आहे, कमिटीला आवडेल असं. कोणी माणसाच्या मोलाचा नवस केला तर किती चांदी द्यायची, याचा दरफलकच आहे. वीस ते साठ वर्षांचा पुरुष ५० शेकेल, बाई ३०. पाच ते वीस वर्षांचा मुलगा २०, मुलगी १०. महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मुलगा ५, मुलगी ३. साठीच्या वर पुरुष १५, बाई १०. जनावर बदलायचं नाही, चांगल्याच्या जागी वाईट नाही आणि वाईटाच्या जागी चांगलंही नाही. बदललं तर दोन्ही देवाची. घर सोडवून घ्यायचं तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त. सगळं ठरलेलं. आणि या दरांच्या लगेच खाली, आठव्या वचनात, हा सगळा दरफलक एका फटक्यात बाजूला होतो: नवस करणारा इतका गरीब असला की ठरलेलं मोल त्याला झेपत नाही, तर त्याला याजकापुढे आणावं आणि याजकाने त्याच्या हाताला पोहोचेल तेवढं मोल ठरवावं.

म्हणजे काम याजकाचं आहे. गरिबाने अर्ज करावा, दोन जामीन आणावेत, असं काही तिथे नाही. याजकाने त्या माणसाकडे पाहायचं आणि आकडा खाली आणायचा. आपल्याकडे हिरव्या कार्डावरचा आकडा मात्र बँकेच्या हप्त्यासारखा अढळ.

याच प्रकरणावर यहूद्यांच्या मिश्नात, म्हणजे इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या त्यांच्या धर्मनियमांत, 'अराखीन' नावाचा एक अख्खा भाग आहे. मिश्ना आपल्याला बंधनकारक नाही, हे तुम्ही म्हणाल आणि बरोबरच म्हणाल. पण हे लोक नवस वसूल कसा करायचा यावर डोकं चालवणारे होते, आणि वसूल करतही होते. मोलाचा नवस राहिला तर घरातली वस्तू तारण म्हणून उचलून आणायला त्यांची हरकत नव्हती. मऊ माणसं नव्हती ती. तरीही त्यांनी लिहून ठेवलं की तारण घेताना त्याला तीस दिवसांचं अन्न सोडायचं, बारा महिन्यांचे कपडे सोडायचे, अंथरूण सोडायचं, पायतलं सोडायचं. कारागीर असेल तर त्याच्या प्रत्येक जातीच्या हत्यारांपैकी दोन सोडायची. आणि गरिबाने आपल्या ऐपतीप्रमाणे एक सेला, म्हणजे एक नाणं, दिलं आणि तो पुढे श्रीमंत झाला, तर त्याच्याकडे बाकी मागायची नाही. त्या यादीत अब्रू सोडावी असं कलम नाही, कारण अब्रू तारण म्हणून उचलून आणता येते, हे बहुधा त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

तुम्हाला सर्वांना इफ्ताहाची गोष्ट माहीत आहे. शास्ते, अकरावा अध्याय. अम्मोन्यांवर चालून जाताना तो म्हणाला, जय मिळाला तर घराच्या दारातून मला भेटायला जे बाहेर येईल ते परमेश्वराचं, त्याचा होमबली देईन. डफ वाजवत, नाचत बाहेर आली त्याची एकुलती एक मुलगी. तो म्हणाला, मी तोंड उघडलं आहे, आता मागे फिरता येत नाही. मुलीने दोन महिने मागितले, डोंगरांवर मैत्रिणींबरोबर रडली, परत आली. या प्रसंगावर संदेश देताना आपण बहुतेक वेळा म्हणतो, 'पाहा, कसा शब्दाचा पक्का!' मला लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना घशात काहीतरी अडकतं. नरबळीची परमेश्वराला किळस आहे हे अनुवादाच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट आहे. मग हा नवस फेडून कोणाला काय मिळालं?

रब्बींनाही ते अडकलं होतं. त्यांच्या मिद्राशात, म्हणजे शास्त्रावरच्या कथाभाष्यात, या गोष्टीचं पुढचं टोक आहे. ते म्हणतात, तेव्हा प्रमुख याजक फिनहास जिवंत होता. तो इफ्ताहाला त्या नवसातून मोकळा करू शकला असता. पण फिनहास म्हणाला, गरज त्याला आहे, मी महायाजक, महायाजकाचा मुलगा, मी त्या अडाण्याकडे जाऊ? आणि इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलाच्या सरदारांचा सरदार, मी त्याच्या दाराशी जाऊ? हा तिकडे बसला, तो इकडे बसला, आणि दोघांच्या मध्ये पोरीचा जीव गेला. रब्बी दोघांनाही शिक्षा झाली असं सांगतात. इफ्ताहाचं अंग झडत गेलं. गिलादाच्या 'नगरांत' त्याला पुरलं, असं मूळ इब्रीत अनेकवचन आहे, त्याचा अर्थ ते असा लावतात की जो अवयव जिथे गळला तिथेच तो पुरला. आणि फिनहासापासून पवित्र आत्मा दूर झाला.

शिक्षा नवस करणाऱ्याला झाली हे समजू शकतं. पण याजकालाही झाली, आणि ती कशाबद्दल? उठून गेला नाही याबद्दल. पाळकसाहेब, ही कथा मी यादी पाहिल्यापासून पाच-सहा वेळा तरी वाचली आहे. त्या बाईच्या घरी आपल्यापैकी कोण गेलं? मी नाही गेलो. माझंही 'ती येईल की रविवारी' असंच चाललं होतं.

एली याजकाचं उदाहरण जरा बरं आहे. शिलोच्या मंदिरात मूल नसलेली हन्ना प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एलीला वाटलं बाई प्यालेली आहे. बोललाही तसं. इब्री शास्त्रातला सर्वांत मोठा नवस, 'मुलगा दिलास तर तो जन्मभर तुझा', असा निःशब्द झाला, आणि शेजारी बसलेल्या याजकालाही तो ऐकू गेला नाही. माईक नाही, कार्ड नाही, टाळ्या नाहीत. पण एलीला आपली चूक कळताच तो हट्टाला पेटला नाही. 'शांतीने जा' म्हणाला. पुढे मुलगा झाला, आणि तो शमुवेल अंगावरून तुटल्यावर ती आपण होऊन आली, पीठ, द्राक्षारसाचा बुधला, बैल घेऊन. तोवर तिचा नवरा एलकाना एकदा कुटुंबासह वार्षिक यज्ञाला जाऊन आला, तेव्हा तिने सांगितलं, मूल दूध तुटेपर्यंत मी येत नाही, आणि नवरा म्हणाला, तुला बरं वाटेल तसं कर. उशीर झाला की नाही? झाला. कोणी फलक लावला नाही.

याकोबाचं तर याहून लांबलं. बेथेलला दगडाची उशी करून झोपला, उठून नवस केला: देव बरोबर राहील, खायला भाकरी आणि ल्यायला वस्त्र देईल, सुखरूप घरी आणील, तर हा दगड देवाचं घर होईल आणि तू देशील त्या सर्वाचा दशांश तुला देईन. मग मामा लाबानाकडे वीस वर्षं. परत आला तरी बेथेलला गेलाच नाही. शखेमापाशी जमीन विकत घेऊन राहिला, आणि तिथे त्याच्या मुलीवर, दीनेवर, अत्याचार झाल्याचं ते भयंकर प्रकरण घडलं. फ्रान्समधला अकराव्या शतकातला भाष्यकार राशी म्हणतो की वाटेत रेंगाळल्याचीच ही शिक्षा. बापाच्या दिरंगाईची किंमत लेकीने का मोजावी, हे मला कधीच कळलेलं नाही, तरी भाष्य आहे हे तुमच्या बाजूने सांगतो. नवस लांबवणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. पण आठवण कोणी केली ते पाहा. देवाने स्वतः, उत्पत्ती पस्तीसमध्ये, एकट्या याकोबाला: 'ऊठ, वर बेथेलास जा.' लाबानाला कळवलं नाही, भाऊ एसावाला कळवलं नाही.

नवसाच्या नावाचा लोकांपुढे वापर करणारा एकच माणूस मला या पुस्तकांत ठळक आठवतो. दावीद राजाचा मुलगा अबशालोम. गशूरला असताना नवस केला होता, तो हेब्रोनला जाऊन फेडायचा आहे, असं बापाला सांगून निघाला आणि तिथे बंडाचं शिंग फुंकलं. इमारतीच्या कोनशिलेवर कोणाची नावं कोरायची यावर सध्या कमिटीत जे चाललं आहे, त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

नवस करावा की करू नये, यावर जुन्या रब्बींतही वाद होता. एक, मेईर, म्हणाला, सर्वांत उत्तम तो जो नवसच करत नाही. दुसरा, यहूदा, म्हणाला, सर्वांत उत्तम तो जो करतो आणि फेडतो. मिश्नेवरच्या चर्चांच्या ग्रंथाने, तालमुदाने, दोघांचंही म्हणणं ठेवून दिलं. आजही धार्मिक यहूदी माणूस साधं 'उद्या येतो' म्हणताना पुढे 'बली नेदेर' जोडतो, म्हणजे 'नवस नव्हे हं', इतका त्या शब्दाचा धाक. आणि तरीही आपल्याच कोकणातले यहूदी, बेने इस्राएल, आनंदाने नवस करतात. माझी पहिली नोकरी अलिबागला होती. शेजारच्या इस्रायल आळीत एका घरी मुलगा आजारातून उठला म्हणून मलिदा केला होता: मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावाने मराठी वळणाच्या उच्चारात म्हटलेली इब्री गाणी. खंडाळ्याला, म्हणजे अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलीयाच्या रथाच्या खुणा मानतात त्या खडकापाशीही लोक नवस फेडायला जातात. त्या घरच्या आजींनी मला पहिल्यांदा ताट दिलं, परका म्हणून. किती खर्च झाला, कोणी किती दिलं, याचा उच्चार कोणी केला नाही. नवस फेडला म्हणजे आळीभर पोहे वाटले, एवढंच मला तेव्हा दिसलं. लेवीयातही नवसाच्या यज्ञाचं मांस त्या दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी खाऊन संपवायचं आहे, तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळायचं. एकट्याने एवढं संपत नाही. माणसं बोलवावीच लागतात.

मंदिराच्या दानपेटीत गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन लहान नाण्यांची, तुम्ही आता आठवण कराल, म्हणून आधीच लिहितो. तिने त्या आपण होऊन टाकल्या, तिला कोणी उभं केलं नव्हतं. आणि मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या प्रसंगाच्या अगदी वरचं वचन विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्यांबद्दल आहे. दोन्ही एका पानावर आहेत.

माझं मागणं असं आहे. यादी या रविवारच्या आत उतरवा. पुढच्या सभेत कार्डं वाटायचीच असतील तर त्यांच्या पाठीमागे अनुवाद २३:२२ छापा, आणि कार्ड घरी नेऊन महिन्याने आणायची मुभा द्या. गायन चालू असताना कोणाचंही कार्ड दुसऱ्याने भरू नये. एकतीस जणांपैकी ज्यांना झेपत नाही त्यांच्याशी पाळकसाहेबांनी स्वतः, एकेकट्याने, घरी जाऊन बोलावं आणि लेवीय २७:८ प्रमाणे हाताला पोहोचेल तो आकडा ठरवावा. शून्य ठरला तर शून्य. खर्चाची चिंता कमिटीला पडेल, ती रास्त आहे. ठेकेदार थांबत नाही. त्यासाठीही जुना रस्ता आहे. नाजीराचा, म्हणजे द्राक्षारस आणि केस कापणं वर्ज्य केलेल्या व्रतस्थाचा, नवस पुरा करायचा म्हणजे एक कोकरू, एक मेंढी, एक मेंढा, बेखमीर भाकरींची टोपली असा मोठा खर्च होता, आणि गरीब नाजीर त्यात अडकून पडत. मग ऐपतवाले त्यांचा खर्च उचलत. पहिल्या अग्रिप्पा राजाने असा बऱ्याच जणांचा उचलला, असं पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो. यरुशलेमात पौलालाही चौघांचा उचलायला सांगितलं होतं. तसं करू. मी माझ्या पेन्शनीतून दोघांचं देतो, कोणा दोघांचं ते मला सांगू नका. हा नवस समजू नये; पैसे या पत्राबरोबर पाकिटात आहेत.

त्या बाईच्या अकरा हजारांत मात्र ते पैसे वळवू नका. तिच्या वतीने कोणी परस्पर भरले तर ती दुखावेल, असं माझी बायको म्हणते, आणि असल्या बाबतीत तिचं चुकत नाही. तिला आधी विचारावं लागेल. पाळकसाहेब, तुम्ही चला, मी येतो बरोबर. सकाळी ती कामावर असते, दुपारी जेवून लवंडते. संध्याकाळी सहानंतर घरी असते.

आपला,
मंडळीचा एक जुना सभासद आणि माजी खजिनदार